टेनिसमधील श्रेष्ठत्वाचे गणित

ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार प्रमुख, म्हणजेच ग्रँड स्लॅम स्पर्धांतील एकेरीच्या विजेतेपदांवरून टेनिसपटूचे श्रेष्ठत्व ठरवण्याचा प्रघात आज इतका रूढ झाला आहे की जोकोविचची २४, नदालची २२ आणि फेडररची २० विजेतेपदे क्रीडारसिकांना तोंडपाठ असतात. मात्र हाच मापदंड जुन्या खेळाडूंना लावला की त्यातून कौशल्यापेक्षा त्या काळच्या नियमांचेच मोजमाप अधिक होते.

१९६८ च्या वसंत ऋतूपर्यंत या चारही स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी राखीव होत्या, आणि ज्याने व्यावसायिक करारावर सही केली त्याला त्यांची दारे बंद होत असत. रॉड लेव्हरने १९६२ मध्ये चारही स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या, त्यांपैकी तीन अंतिम सामन्यांत त्याने रॉय इमर्सनला हरवले, आणि त्यानंतर तो व्यावसायिक झाल्यामुळे पुढच्या सलग २१ प्रमुख स्पर्धांना मुकला. इमर्सन मात्र हौशीच राहिला. त्याच्या एकूण १२ विजेतेपदांपैकी १० विजेतेपदे १९६३ ते १९६७ या, लेव्हर मैदानाबाहेर असलेल्या, पाच वर्षांतली आहेत. तरीही पुरुषांचा उच्चांक म्हणून हाच आकडा २००० साली सॅम्प्रसने तेरावे विजेतेपद मिळवेपर्यंत टिकून होता, तर सर्वांना खुल्या झालेल्या स्पर्धांत १९६९ साली पुन्हा चारही किताब जिंकणाऱ्या लेव्हरच्या नावावर एकूण ११ च राहिले. पांचो गोन्झालेसची कथा याहून विपरीत आहे: १९४८ आणि १९४९ अशी दोन अमेरिकन विजेतेपदे मिळवून तो व्यावसायिक झाला आणि १९५० च्या दशकात गावोगावच्या दौऱ्यांवर बहुतेक प्रतिस्पर्ध्यांना त्याने नमवले, परंतु ग्रँड स्लॅमच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे दोनाचाच आकडा आहे.

त्याआधीच्या काळाकडे वळल्यास आकडे अधिकच फसवे होतात. विम्बल्डनमध्ये १९२१ पर्यंत गतविजेत्याला थेट अंतिम आव्हान-सामन्यातच उतरावे लागे, त्यामुळे विल्यम रेनशॉची सात विजेतेपदे आणि सॅम्प्रसची सात विजेतेपदे हे समान आकडे असले तरी समान श्रम नव्हेत. ऑस्ट्रेलियन स्पर्धेला तर दूरच्या प्रवासामुळे अनेक परदेशी खेळाडू जातच नसत. ब्योर्न बोर्ग तेथे १९७४ साली एकदाच खेळला. मार्गारेट कोर्टच्या २४ विजेतेपदांपैकी ११ ऑस्ट्रेलियातील आहेत म्हणून ती सरसकट गौण ठरवली जातात, पण उरलेली १३ इतर तीन स्पर्धांतील आहेत, याचा टीकाकारांना सोयीस्कर विसर पडतो.

या अडचणींतून मार्ग काढण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ विजेतेपदांऐवजी प्रत्येक सामना मोजू लागले. बुद्धिबळासाठी आर्पाद एलो या भौतिकशास्त्रज्ञाने घडवलेल्या पद्धतीत बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला हरवल्यास अधिक आणि दुबळ्याला हरवल्यास कमी गुण मिळतात. ती टेनिसलाही लावता येते. परंतु या गुणांतून कळते ते समकालीनांच्या तुलनेतील स्थान, आणि दोन पिढ्यांचे खेळाडू एकमेकांशी खेळलेले नसल्याने पिढ्यांमधील अंतर त्यातून निघत नाही.

फिलिपो रादिक्की या संशोधकाने २०११ मध्ये निराळा मार्ग पत्करला. १९६८ ते २०१० या काळातील सामन्यांचे त्याने जाळे मानले, त्यात हरणाऱ्याकडून जिंकणाऱ्याकडे प्रतिष्ठा वाहते असे गृहीत धरले, आणि या गणिताने पहिला क्रमांक दिला तो जिमी कॉनर्सला. अनेकांना हा निष्कर्ष विचित्र वाटला, आणि तो काही अंशी पद्धतीच्या मर्यादेतूनच आला होता, कारण ज्यांची कारकीर्द अपुरी होती त्यांचे सामने आणि प्रतिष्ठा अजून साचायची होती. तथापि कॉनर्सच्या आठ विजेतेपदांचा आकडाही निर्दोष नाही: १९७४ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियन, विम्बल्डन आणि अमेरिकन या तिन्ही स्पर्धा जिंकल्या, पण ‘वर्ल्ड टीम टेनिस’ या सांघिक स्पर्धेशी करार केल्यामुळे फ्रेंच स्पर्धेने त्याला त्या वर्षी प्रवेशच नाकारला होता.