भोंगा थांबला, मग जमिनीचं काय झालं?

शहराचा चेहरा कोण घडवतो? आपण पटकन म्हणू, वास्तुशिल्पी. पण मुंबईचा इतिहास पाहिला तर लक्षात येतं, की जमिनीची वाटणी कशी करायची हे ठरवणारा नियम आधी येतो, इमारत त्यामागून.

ओव्हल मैदानाचंच पाहा. १८६०च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडला गेला. मोकळ्या झालेल्या जागेवर विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट उभं राहिलं. पुढे समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर, मैदानाच्या पश्चिमेला, आर्ट डेको शैलीच्या इमारती आल्या. मधलं मैदान मात्र मोकळं ठेवलं गेलं. म्हणूनच दोन काळांतल्या या वास्तू आज समोरासमोर दिसतात. २०१८ साली युनेस्कोनं या परिसराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

आता तिथून उत्तरेला, लालबाग-परळकडे वळू. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली आणि पुढे गिरण्यांभोवती गिरणगाव वसत गेलं. त्याची रचना बेतली होती ती भोंग्यावर. पाळीला चालत पोचता यावं, म्हणून चाळी गिरणीजवळ. एका खोलीत अनेकांनी पाळीपाळीनं झोपायचं, म्हणून उरलेलं आयुष्य गॅलरीत, नळावर, नाक्यावर. कोकणातून, घाटावरून एकट्यानं आलेल्यांसाठी खानावळी. त्यातूनच व्यायामशाळा, भजनी मंडळं आणि कामगार रंगभूमी बहरली. चाळीतलं जगणं सुखाचं होतं असं मुळीच नाही; पण त्या वस्तीला स्वतःचा चेहरा होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्यांची धडधड कायमची थांबली. उरली ती शहराच्या मध्यावरची सुमारे ६०० एकर जमीन. तिचं काय करायचं?

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या कलमानं त्याचं उत्तर दिलं होतं. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा, तर साधारण एक तृतीयांश भाग बागा-मैदानांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं या जमिनींचा एकत्रित विचार करणारा आराखडाही सुचवला. पण २००१ साली कलम बदललं. वाटणी आता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून मोकळी होणारी जागा त्यातून वगळली. गिरणीत मोकळी जागा असते तरी किती? शहराचा वाटा त्या एका दुरुस्तीत आकसला. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयानं शहराच्या बाजूनं निकाल दिला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवून सुधारित नियम कायम ठेवला.

मग एकेक गिरणी सुटी सुटी विकसित झाली. टॉवर आले, मॉल आले. रस्ते आणि जिने मात्र जुन्याच मापाचे राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर, भर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. कचेऱ्यांची गर्दी वाढत गेली, पण तिला चालायला वाट कुणी वाढवली नव्हती.

आज काही आवारांत गिरणीची जुनी चिमणी जपलेली दिसते. तिचं कौतुक जरूर करावं. पण दगड-विटा जपणं म्हणजे वारसा जपणं नव्हे. ओव्हल शोभून दिसतो तो भोवतालच्या इमारतींइतकाच मधल्या रिकाम्या जागेमुळे. आपल्या शहरात जुनं काही पाडून नवं उभं राहू लागलं, की इमारत किती मजल्यांची एवढंच आपण विचारतो. त्याआधी विचारायला हवं ते हे, की त्या जमिनीत गावाचा वाटा किती राहिला?