वही कुणाच्या हातात?

(सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण, अलोरे, ता. चिपळूण)

आम्ही अलोऱ्याच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. दुपारची भांडी आवरून बसला असाल, तर थोडा वेळ आमच्याबरोबर बसा.

आमच्या गटात यंदा एक नवी सून आली आहे. वय तेवीस, बारावी झालेली, हिशेबाला पक्की. मागच्या बैठकीत कर्जाचा अर्ज भरताना तिचं पेन एका रकान्यावर थांबलं. रकाना होता, ‘घरावरील एकूण कर्ज’. ती म्हणाली, “काकी, हे मला कुणी सांगितलंच नाही.” आधी आम्ही हसलो. मग आपापले जुने अर्ज काढून पाहिले, तर निम्म्या जणींनी तो रकाना कोराच सोडला होता. काहींनी अंदाजाने आकडा टाकला होता.

पुढे तिने हळूच आणखी एक गोष्ट सांगितली. सासरे दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांनी घेतलेल्या पैशांसाठी एक माणूस दर महिन्याला दारात येतो. “बापाचं कर्ज मुलाच्याच मानेवर,” असं म्हणतो. नवरा पंचवीस वर्षांचा. पगारातून निमूटपणे देत राहतो. घेतले किती, फिटले किती, उरले किती, ते त्या माणसाच्या वहीत. घरात एक कागद नाही.

त्या दिवसापासून आम्ही विचार करू लागलो. आपल्या घराचं देणं दुसऱ्याच्या वहीत असणं, ही रीत कधीपासूनची? म्हाताऱ्या बायांना विचारलं, थोडं वाचलं. त्यातलं जे हाती लागलं, ते आज सांगतो.

आपला रत्नागिरी जिल्हा खोतीचा. जमीन कसायची कुळाने, वसूल घ्यायचा खोताने. भाताचा वाटा अर्धेल, म्हणजे निम्मं पीक खोताचं. डोंगरउतारावरच्या नाचणी-वरीचा वाटा तिर्धेल, म्हणजे तिसरा हिस्सा. एवढं गेल्यावर घरात जे उरे ते पुढच्या पिकापर्यंत पुरत नसे. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की खावटी काढायची, म्हणजे खायला धान्य उसनं आणायचं. कापणी झाली की ते परत करायचं, पण सवाईने नाहीतर दिढीने. दिढी म्हणजे एक मण नेलं तर दीड मण परत. आषाढात नेलेलं कार्तिकात फेडायचं, म्हणजे चार-पाच महिन्यांत निम्म्याने वाढ. पैशाचं कर्ज वेगळंच. आणि दोन्हींची नोंद देणाऱ्याच्या वहीत. कुळाला वाचता येत नव्हतं, अंगठा मात्र उमटवता येत होता.

आता आपला कुंभार्ली घाट चढून देशावर जाऊ या. तिथे शेतकरी जमिनीचा सारा थेट सरकारला भरत होता, पण तोही सावकाराच्या वहीत अडकलेला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरलं. लोकांना हवे होते कागद. गहाणखतं, कर्जरोखे, कोर्टाचे हुकूमनामे मागून घेतले आणि जाळले. आपल्या गळ्यातला फास कशाचा आहे हे त्या माणसांना बरोबर कळलं होतं.

सरकारने चौकशी समिती नेमली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. आधी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याने कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं. नुसता कागद पाहून निकाल देऊ नये, मुळात किती दिले आणि किती फेडले याचा मागचा हिशेब तपासावा, असं कोर्टाला सांगितलं. आणि मैत्रिणींनो, आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे: फेडलेल्या पैशांची पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क त्या कायद्याने कर्जदाराला दिला. ही गोष्ट १८७९ सालची. आज जवळजवळ दीडशे वर्षांनी आमच्या सुनेच्या घरात पासबुक नाही.

त्याच्याही आधीचा एक कायदा आहे. तो कळला तेव्हा आम्ही सगळ्या गप्प झालो. १८६६ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, की वडिलांचं किंवा आजोबांचं कर्ज नुसतं मुलगा-नातू म्हणून कुणाच्या अंगावर येणार नाही. त्यांच्याकडून जी मालमत्ता मिळाली असेल, तेवढ्यापुरतीच जबाबदारी. त्याच कायद्यात असंही होतं, की विधवेशी लग्न करणाऱ्या पुरुषावर तिच्या पहिल्या नवऱ्याचं कर्ज लादता येणार नाही. पुढे हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, म्हणून त्याच्याकडून वसूल करा, हे म्हणणं त्यानंतरच्या कर्जांसाठी कोर्टात चालत नाही. त्याच दुरुस्तीने लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत लेकाइतका वाटा दिला, आणि त्या वाट्याबरोबर येणारी जबाबदारीही सारखीच दिली.

अर्थात नीट समजून घ्या. जमीन गहाण असेल तर ती मोकळी होत नाही. मुलगा स्वतः जामीन राहिला असेल, कागदावर त्याची सही असेल, तर ते देणं त्याचंच. म्हणूनच कागद पाहिल्याशिवाय हो म्हणू नये, आणि नाहीही म्हणू नये.

आता आपल्या कोकणाकडे परत येऊ. खावटी आणि कर्ज फेडायला रोख पैसा लागतो, तो शेतात नव्हता. तो मुंबईत होता. १८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी निघाली. पुढे गिरण्या वाढल्या, आणि त्यात सगळ्यात जास्त माणसं गेली ती आपल्या रत्नागिरीची. अठरा-वीस वर्षांचा मुलगा दाभोळच्या बंदरातून बोटीने जायचा. त्याचं तरुणपण सुरू व्हायचं तेच फेडण्यापासून. १८८० पासून टपालाने मनीऑर्डर येऊ लागली, आणि कोकणातल्या घरांच्या चुली तिच्यावर पेटू लागल्या.

पण तो मुलगा मुंबईतही कर्जातच पडायचा. गिरणीचा पगार महिना भरल्यावरही लगेच होत नसे, पुढच्या महिन्यात कधीतरी व्हायचा. तोवर वाण्याची उधारी, खानावळीची उधारी, काम लावून देणाऱ्या मुकादमाचं देणं. मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाने १९३१ साली अहवाल दिला. बहुतेक औद्योगिक शहरांत तीनांतली दोन कुटुंबं कर्जात आहेत, आणि पुष्कळांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे, असा त्यांचा अंदाज होता. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा दर तेव्हा सर्रास चाले. ऐकायला एक आणा. सोळा आण्यांच्या रुपयावर बारा महिन्यांचे बारा आणे, म्हणजे वर्षाला शंभरावर पंच्याहत्तर. दर महिन्याचा सांगितला की लहान वाटतो. आजही सांगणारे तसंच सांगतात.

हातात वही नव्हती, तशी पायाखाली जमीनही नव्हती. खोती नष्ट करण्याचं विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. कायदा व्हायला मात्र १९४९ साल उजाडलं. कुळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारी कुळं मालक झाली. जमिनीची ठरलेली किंमत हप्त्यांनी भरायची होती. हेही देणंच, पण वेगळ्या जातीचं. खावटी फेडून हातात काही राहत नसे. हा हप्ता फेडला की जमीन आपली. कर्ज कशासाठी काढलं आणि फिटल्यावर घरात काय उरलं, हा प्रश्न तेव्हापासून विचारण्यासारखा झाला. एक गोष्ट मात्र राहून गेली. सातबाऱ्यावर नाव चढलं ते बहुतेक घरांत पुरुषाचंच.

त्याच दशकात कोयनेचं काम सुरू झालं. पोफळीला डोंगराच्या पोटात वीजघर झालं, पुढे कोळकेवाडीचं धरण झालं, आणि आमच्या अलोऱ्यात प्रकल्पाची वसाहत उभी राहिली. महिन्याचा पगार म्हणजे काय ते आम्ही घराजवळ पाहिलं. पगाराचा कागद असला की कर्ज कमी व्याजाने मिळतं. नसला की जास्त व्याजाने मिळतं. ज्याला गरज जास्त त्याला पैसा महाग, हे शिकायला आम्हाला शाळेत जावं लागलं नाही.

बायांच्या हातात वही कधी आली? मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया वाण्याच्या आणि सावकाराच्या उधारीवर धंदा चालवत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. बँक म्हणजे पासबुक, आणि तेही बाईच्या नावाचं. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कोकणातल्या कितीतरी घरांची मनीऑर्डर त्या वर्षी थांबली ती कायमची. ज्या घराचा सगळा भार एकाच मिळकतीवर, ते घर एका दिवसात उघड्यावर येतं, हे आमच्या सासवांनी पाहिलं. १९९२ साली नाबार्डने देशात ५०० गटांपासून बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. आज आपण गोल करून बसतो आणि मधे आपलीच वही असते, त्यामागे एवढा सगळा इतिहास आहे.

पण गटाच्या वहीत गटाचं कर्ज असतं. घराचं सगळं देणं एका जागी लिहिलेलं कुठेच नसतं. म्हणून त्या सुनेबरोबर आम्ही सगळ्यांनीच एक पान तयार केलं. डाव्या बाजूला आपलं काय आहे, उजव्या बाजूला देणं काय आहे. समजा एका नव्या जोडप्याची गाय ३० हजारांची, गटातली बचत १२ हजार, थोडं सोनं ६० हजारांचं, आणि मोटारसायकल आज विकली तर ४० हजार. झाले १ लाख ४२ हजार. देणं: मोटारसायकलचे राहिलेले ५५ हजार, गटाचे २० हजार, फायनान्सचे ४० हजार, लग्नासाठी नातलगांचे हातउसने ५० हजार. झाले १ लाख ६५ हजार. वजाबाकी केली तर उणे २३ हजार. ही त्या घराची आजची खरी ऐपत.

उणे आलं म्हणून मान खाली घालू नका. तरुण घर बहुतेक वेळा उण्यातूनच सुरू होतं. गिरणीत गेलेला मुलगाही तसाच निघाला होता. पुढच्या दिवाळीला हाच आकडा पुन्हा काढा आणि तो कुठे सरकला ते पाहा. आधी फेडायचं ते सगळ्यात महाग व्याजाचं. शेकडा ३ रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. दहा हजारांवर वर्षाचे ३,६०० रुपये नुसते व्याजात जातात. ते कर्ज मिटलं की तेवढी कमाईच झाली म्हणा. मात्र आजारपणासाठी थोडी शिल्लक बाजूला ठेवूनच फेडा, नाहीतर दुसऱ्याच महिन्यात पुन्हा महाग कर्ज काढावं लागतं. आणि गटाच्या व्याजाचाही हिशेब असाच वर्षाचा करून पाहा. आपलं आहे म्हणून ते स्वस्तच असेल असं नाही.

फायनान्सवाल्यांकडूनही कागद मागा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा छोट्या कर्जाचं कार्ड कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत द्यावं लागतं, आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जातील, असं कर्जही त्यांनी देऊ नये. सावकार असेल तर परवाना विचारा, पावती विचारा. अडचण आली तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो.

आता त्या सुनेचं सांगतो आणि थांबतो. पुढच्या महिन्यात तो माणूस आला तेव्हा तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि शांतपणे म्हणाली, “दादा, सासऱ्यांनी सही केलेला कागद दाखवा, आणि आजवर घेतलेल्या पैशांचा हिशेब लिहून द्या. जे निघेल ते आम्ही बुडवणार नाही.” तो “आणतो” म्हणून गेला. अजून आलेला नाही. आला तर समितीच्या वकिलांना दाखवून मगच काय ते ठरवायचं, असं नवरा-बायकोने मिळून ठरवलंय. नवऱ्याने आजवर दिलेले पैसे आठवून आठवून तिच्या वहीत लिहायला घेतलेत.

तिच्या अर्जातला तो रकाना तिने अजून भरलेला नाही. पण या वेळी का कोरा आहे, ते तिला माहीत आहे.

आज संध्याकाळी भाकरी टाकून झाली की तुम्हीही घरात विचारा, आपलं देणं किती? भांडायला नको, नुसतं लिहून घ्यायला. मग पुढच्या बैठकीत बोलू.