एकसष्टाचे उत्तर

एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग करावा, त्यास ६१ ने गुणावे, गुणाकारात एक मिळवावा आणि येणारी संख्या पुन्हा पूर्ण वर्ग असावी. शून्य सोडून अशी सर्वांत लहान संख्या कोणती? प्रश्न शाळकरी वाटतो. ६१ च्या जागी ६० घेतले तर ४ ने काम भागते : १६ ची साठपट अधिक एक म्हणजे ९६१, आणि तो ३१ चा वर्ग. ६२ घेतले तर ८ पुरतात. मधल्या ६१ ला मात्र २२,६१,५३,९८० ही संख्या लागते आणि वर्गमूळ येते १,७६,६३,१९,०४९! सेकंदास एक याप्रमाणे रात्रंदिवस संख्या पडताळीत बसले, तर सात वर्षांहून अधिक काळ जाईल.

हे उत्तर भास्कराचार्यांनी शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास आपल्या बीजगणितात दिले. पुढे इ. स. १६५७ मध्ये फ्रान्समधील फर्मा याने हाच ६१ चा प्रश्न आपल्या मित्रापुढे ठेवला. भास्कराचार्यांचे नाव त्याच्या कानीही नव्हते.

भास्कराचार्यांची रीत ‘चक्रवाळ’ या नावाची. ८ चा वर्ग ६१ हून ३ ने अधिक आहे, येथून आरंभ करावयाचा. एकाच फेऱ्यात ३९ आणि ५ हाती येतात : ३९ चा वर्ग १५२१ आणि ५ च्या वर्गाची एकसष्टपट १५२५. अंतर अवघे ४. आता ब्रह्मगुप्ताची इ. स. ६२८ मधील ‘भावना’ उपयोगी पडते. तिच्या साहाय्याने प्रथम २९७१८ व ३८०५ ही जोडी मिळते. तेथे अंतर एकाचेच उरते, पण उलट बाजूस. तिचीच तिच्याशी भावना केली की ते अब्जाच्या घरातील उत्तर समोर उभे राहते. सात वर्षांचे काम कागदाच्या एका पाठीवर उरकते.

याचा अभिमान आम्ही अवश्य बाळगावा. परंतु तो डोळस असावा. चक्रवाळ भास्कराचार्यांच्या आधीचे आहे : इ. स. १०७३ मधील उदयदिवाकराच्या टीकेत आचार्य जयदेवाची ही रीत उद्धृत आहे. शिवाय असे उत्तर प्रत्येक वेळी मिळतेच, याची सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांजने दिली. रीत सापडणे आणि ती कधीच फसत नाही हे सिद्ध करणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. युरोपातही न्याय चुकलाच : ऑयलरच्या गैरसमजामुळे या समीकरणास पेलचे नाव चिकटले, ते आजही सुटलेले नाही.

चाळीसगावाजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी तेथील शिलालेख प्रकाशात आणला. चांगदेवाने आजोबांचा केवळ जयघोष केला नाही. ग्रंथ शिकविण्याची सोय केली. आम्ही मात्र बहुधा पहिलेच करतो, आणि ३९ व ५ यांपासून त्या अब्जापर्यंतची वाट स्वतः चालून पाहत नाही. ती चालण्यास पाटी, पेन्सिल आणि एक मोकळी संध्याकाळ पुरते.