पडद्यावर सगळं शांत होतं

शुक्रवार, 10 ऑगस्ट 2018
अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गोपनीय इशारा धाडला. येत्या काही दिवसांत जगभरच्या एटीएममधून एकदम रोकड उपसण्याचा डाव आहे. बँक कोणती, ते त्यात नव्हतं.

शनिवार, 11 ऑगस्ट, दुपारी 3
दुसरा शनिवार, बँकांना सुट्टी. याच सुमारास पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या नावाची बनावट कार्डं एटीएममध्ये सरकू लागली. कार्ड घातलं की विचारणा बँकेच्या स्विचकडे येते, स्विच कोअर बँकिंगला खात्यातली शिल्लक विचारतो आणि मगच होकार जातो. चोरांनी मालवेअर शिरवून बनावट स्विच उभा केला होता. होकार तोच देत होता. विचारणा खात्यांपर्यंत पोचतच नव्हती.

पुढचे काही तास
कॉसमॉसच्या कार्डांवर हजारो मोठ्या रकमा मागितल्या जात आहेत, असं कार्ड कंपनी व्हिसाने अमेरिकेतून कळवलं. बँकेच्या लोकांनी आपली यंत्रणा तपासली. तिथे वावगं काहीच नव्हतं. व्हिसाला कार्डं थांबवायला सांगेपर्यंत सुमारे अर्धा तास गेला.

त्या अर्ध्या तासापाशी मी पुन्हा पुन्हा येतो. त्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांनी पाहिलं, पण जे आपणहून येतं तेवढंच टिपणाऱ्या यंत्रणेत पाहिलं. लॉग, अलर्ट, डॅशबोर्ड ही सगळी निष्क्रिय निरीक्षणाची साधनं. वाटच वळवली तर त्यांना शांतता दिसते, आणि ती ठीकठाक असल्यासारखीच दिसते. सक्रिय निरीक्षण म्हणजे स्वतः जाऊन विचारणं: व्हिसाने गेल्या पाच मिनिटांत आमच्या नावावर किती होकार नोंदवले, आणि आमच्या खात्यांत किती उतरले? दोन आकडे जुळले नाहीत की थांबवा. हा प्रश्न यंत्रणेने दर पाच मिनिटांनी आपणहून विचारला असता, तर तो अर्धा तास लागला नसता.

रात्री 10
तोवर 28 देशांत सुमारे 12 हजार व्यवहारांतून 78 कोटी रुपये गेले होते. कोल्हापूरसह भारतात सुमारे 2,800 व्यवहारांतून आणखी अडीच कोटी.

सोमवार, 13 ऑगस्ट, सकाळी 11.30
स्विफ्ट या आंतरबँक संदेश यंत्रणेवरून 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण 94 कोटी 42 लाख. दुसऱ्या दिवशी चतुःशृंगी पोलीस ठाण्यात तक्रार झाली. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवलं.

कॉसमॉसच्या पुण्यापासून नाशिक रस्त्याने चाकण फार लांब नाही. चाकणच्या शॉपफ्लोअरसाठी तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये कोड लिहिणाऱ्यांसमोर निष्क्रिय की सक्रिय, हीच निवड रोज असते. मशीन चालवणाऱ्या पीएलसी नियंत्रकाला सारखं विचारत राहिलं तर नेटवर्कवर भार पडतो, म्हणून मशीन स्वतः कळवेल तेव्हाच नोंद घ्यायची, असं ठरतं. सायकल टाइमच्या तपशिलाला ते चालेल. पण जिथे सेन्सर गप्प असणं आणि सेन्सर मेलेला असणं पडद्यावर एकसारखं दिसतं, तिथे हार्टबीट (सेन्सर जिवंत असल्याची ठराविक वेळाने होणारी खात्री) हवाच, भार सोसून.

तुम्ही हे काम करत असाल तर या आठवड्यात टेस्ट बेंचवरच्या एका सेन्सरची वायर कुणालाही न सांगता काढा. पडदा किती वेळ हिरवा राहतो, ते घड्याळ लावून मोजा.