सारनाथला परतलेला भिक्खुणी संघ

सारनाथ म्हटले की आपल्याला धम्मचक्रप्रवर्तन आठवते. त्याच सारनाथला ८ डिसेंबर १९९६ रोजी श्रीलंकेच्या दहा स्त्रियांनी भिक्खुणी म्हणून उपसंपदा घेतली. त्यांत अग्रभागी होत्या पूज्य भिक्खुणी कुसुमा. ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली गेली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

महाप्रजापती गौतमींपासून सुरू झालेला भिक्खुणी संघ सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा थेरी हिने लंकेत नेला. पाचव्या शतकात लंकेच्या भिक्खुणी जहाजाने चीनला गेल्या. आधी आठ गेल्या. संख्या अपुरी पडली, म्हणून पुन्हा अकरा गेल्या. मग इ. स. ४३३ च्या सुमारास तिथल्या शेकडो स्त्रियांना रीतसर उपसंपदा मिळाली. पुढे अकराव्या शतकात चोळांच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लंकेतला संघ मोडला. भिक्खूंची परंपरा ब्रह्मदेशातून परत आणली गेली. भिक्खुणींची राहूनच गेली.

कुणी म्हणेल, चीवर घालायला अडवतो कोण? पण विनयाप्रमाणे स्त्रीला उपसंपदा भिक्खुणी आणि भिक्खू अशा दोन्ही संघांकडून घ्यावी लागते. भिक्खुणीच नाहीत, तर नवी होणार कशी? म्हणून लंकेतल्या स्त्रिया दहा शीले पाळून ‘दससिल माता’ म्हणून राहत. साधना होती, पण संघात जागा नव्हती.

कुसुमा यांचा जन्म १९२९ चा. सहा मुलांची ही आई. जर्मनीत जन्मलेल्या अय्या खेमा यांनी १९८४ मध्ये परप्पुदुव बेटावर स्त्रियांसाठी साधनाकेंद्र काढले, तिथे कुसुमांनी दुभाषाचे काम केले. भिक्खुणी विनयावर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली. लंकेने दिलेली परंपरा चीन-कोरियात जिवंत होती. सारनाथला कोरियाच्या भिक्खुणी आणि लंकेचे भिक्खू यांनी मिळून उपसंपदा दिली. दिलेले दान पंधराशे वर्षांनी फिरून पदरात आले!

विरोधही झाला. ही परंपरा महायानी, आमची नव्हे, असे म्हणणारे महाथेर आजही आहेत. तरी १९९८ मध्ये आधी बुद्धगयेला आणि मग लंकेतच दंबुल्ला इथे उपसंपदा झाल्या. आज लंकेत शेकडो भिक्खुणी आहेत. कुसुमा २०२१ मध्ये निर्वाण पावल्या, पण संघ राहिला.

साधना एकटीने करता येते, संघ मात्र एकटीने उभा राहत नाही. सारनाथला जाल तेव्हा धमेख स्तूपापुढे लेकीबाळींना हेही सांगा.