जाहिरातींतील घोडे आणि मैदानांतील घोडे

मोटार घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थाच्या हातीं माहितीपत्रक पडलें म्हणजे त्याची दृष्टि किंमतीवरून सरळ अश्वशक्तीच्या आंकड्याकडे जाते. ही गाडी शंभर घोड्यांच्या बळाची, ती दीडशें घोड्यांच्या, असें वाचून तो मनांतल्या मनांत तुलना करूं लागतो. हे घोडे कोणीं मोजले, कोठें मोजले आणि मोजतांना यंत्रावर कोणकोणतें ओझें होतें, हे प्रश्न सहसा त्याला सुचत नाहींत. वस्तुतः या परिमाणाचा इतिहास पाहतां असें दिसतें कीं, अश्वशक्तीचा आंकडा जितका यंत्रावर अवलंबून असतो तितकाच तो कोणाला सांगावयाचा यावरहि असतो. पुढें ग्राहक असला म्हणजे तो बहुधा फुगतो. करवसुली करणारा किंवा विमा उतरविणारा असला म्हणजे तो आक्रसतो. या विधानाची साक्ष पटविणारे कांहीं प्रसंग आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

या परिमाणाचा जन्मच एका सौद्यांतून झाला. जेम्स वॅट (१७३६–१८१९) आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन हे खाणवाल्यांना पाणी उपसण्याचीं वाफेचीं यंत्रें पुरवीत, तेव्हां मोबदला ठरविणें सोपें होतें. न्यूकोमेनच्या जुन्या यंत्राच्या मानानें जितका कोळसा वांचेल त्याच्या किंमतीचा एक-तृतीयांश ते घेत. पुढें गिरण्यांचे मालक यंत्रें मागूं लागले. त्यांच्यापाशीं जुनें यंत्र नव्हतें, होते ते घोडे. साहजिकच तुमचें यंत्र आमच्या किती घोड्यांचें काम करील, असें ते विचारीत. आपल्याकडे तेल्याच्या घाण्याभोंवतीं बैल फिरे, तसा तिकडे गिरणीचा घोडा १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळांत फिरत असे. तो तासांत १४४ फेरे घेतो व १८० पौंड जोरानें ओढतो, असें धरून वॅटनें गणित केलें. तें मिनिटास ३२,५७२ फूट-पौंड आलें आणि त्यानें ३३,००० हा सुटसुटीत आंकडा कायम केला. त्याच्यापूर्वीं देसाग्युलिए यानें हेंच माप २७,५०० व स्मीटन यानें २२,९१६ असें काढलें होतें. दिवसभर राबणाऱ्या सामान्य घोड्याच्यानें वॅटचें माप पुरें होत नाहीं. पण या चुकीचा लाभ कोणाला झाला? दहा घोड्यांचें म्हणून यंत्र घेणाराच्या पदरीं दहांहून अधिक घोड्यांचें काम पडे. विकणारानें जणूं माप भरून वर शीग ठेवली होती.

मोटारीच्या युगांत हें माप दुसऱ्यांच्या हातीं गेलें. इंग्लंडांतील रॉयल ऑटोमोबाइल क्लबनें १९१० सालीं एक सूत्र बसविलें. सिलिंडरच्या व्यासाचे इंच घेऊन त्यांचा वर्ग करावयाचा, त्याला सिलिंडरांच्या संख्येनें गुणावयाचें आणि अडिचांनीं भागावयाचें, कीं अश्वशक्ति निघाली! दट्ट्या किती लांब सरकतो याचा विचार त्यांत नव्हता. त्याचा वेग मिनिटास १,००० फूट असें गृहीतच धरलेलें होतें. १९२१ पासून या कागदी घोड्यांवर दर घोड्यास एक पौंड वार्षिक कर बसला. इंग्रज कारखानदारांनीं मग सिलिंडर अरुंद व दट्ट्याची धांव लांब ठेवण्याचा मार्ग धरला. कारण अरुंद सिलिंडरावर कर कमी आणि लांब धांवेवर तो मुळींच नाहीं. फोर्डची ‘मॉडेल टी’ प्रत्यक्षांत सुमारें २० अश्वशक्ति देई, परंतु रुंद सिलिंडरांमुळें तिला २२½ घोड्यांचा कर पडे. उलट ‘अल्विस १२/५०’ या गाडीच्या नांवांतच दोन्ही हिशेब लिहिलेले होते: सरकारासाठीं १२ घोडे, रस्त्यासाठीं सुमारें ५०. फ्रान्समध्यें सित्रोएननें १९४८ सालीं जी लहान गाडी पुढें आणली तिच्या नांवाचा अर्थ ‘दोन घोडे’ असा होतो, पण तिचें यंत्र ९ घोड्यांचें होतें. इंग्लंडांत १९४८ मध्यें सरसकट एकच कर आला व तें सूत्र गेलें. तोंवर एका पिढीच्या यंत्रांची घडण मात्र त्यानेंच ठरविली होती.

अमेरिकेंत दिवाणखान्यांतला ग्राहक हाच मुख्य श्रोता होता. तेथें यंत्र गाडींतून काढून चौकटीवर बसवीत आणि हवा गाळणारी चाळणी, पंखा, वीज निर्माण करणारें जनित्र, आवाज दाबणारी नळी इत्यादि शक्ति खाणारीं उपांगें दूर करून मग मोजणी करीत. अशा विवस्त्र यंत्राचा आंकडा जाहिरातींत छापला जाई. हत्तीचे दाखवावयाचे दांत निराळे व खावयाचे निराळे, त्यांतलाच हा प्रकार. १९७२ च्या गाड्यांपासून सर्व उपांगांसह मोजलेला आंकडा छापण्याची रीति रूढ झाली, तेव्हां कॅडिलॅकच्या ‘एल्डोराडो’ची १९७० सालची ४०० अश्वशक्ति २३५ वर उतरली. त्यांतील कांहीं घट खरी होती, कारण मध्यंतरीं यंत्रांतील दाब कमी केला होता. परंतु १९७१ सालीं एकाच यंत्राचा जुन्या रीतीनें ३६५ व नव्या रीतीनें २३५ असा आंकडा येत होता. बाकीचे १३० घोडे केवळ मोजण्याच्या रीतींत होते!

याच्या उलट उदाहरणेंहि आहेत. वेगवान गाड्यांवर विमेवाले जबर हप्ता आकारूं लागले, तेव्हां त्याच अमेरिकेंत कांहीं गाड्यांची शक्ति मुद्दाम कमी सांगितली गेली, असें जाणकार मानतात. जपानी कारखानदारांनीं १९८९ च्या सुमारास आपसांत संकेत ठरविला कीं, २८० च्या वर आंकडा छापावयाचा नाहीं. २००४ पर्यंत कागदावर सर्वांचे घोडे २८० च राहिले. कांहीं गाड्या मैदानांत याहून अधिक घोडे सोडीत.

पुढें चाकांखालीं रूळ बसवून शक्ति मोजण्याचीं साधनें सामान्य दुकानांतहि आलीं. चाकांपर्यंत येतां येतां दांतेचक्रांच्या घर्षणांत शक्तीचा कांहीं अंश नाहींसा होतो, तेवढी तूट कारखानदाराच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे. पण तूट त्याहून अधिक दिसली म्हणजे ग्राहक गप्प बसेना. १९९९ मध्यें फोर्डच्या ‘मस्टँग कोब्रा’चे ३२० घोडे मालकांना सांपडेनात, अखेर फोर्डनें त्या गाड्या परत बोलावून यंत्राचे कांहीं भाग बदलून दिले. २००१ च्या ‘मियाटा’ गाडीची अश्वशक्ति १५५ नसून १४२ आहे असें माझ्दाला कबूल करावें लागलें, व ज्यांना नको त्यांची गाडी परत घेण्याची तयारीहि त्या कंपनीला दाखवावी लागली.

त्यानंतर मोजणीचे नियम कडक झाले. टोयोटानें ‘कॅमरी’च्या एका यंत्राचा आंकडा २१० वरून १९० वर आणला. अमेरिकेंतील मोटार-इंजिनियरांच्या संस्थेनें २००५ सालीं अशी सोय केली कीं, ज्या कारखानदारास आंकडा प्रमाणित करून घ्यावयाचा असेल त्यानें मोजणीच्या वेळीं एक त्रयस्थ साक्षीदार हजर ठेवावा. या रीतीनें प्रथम तपासलेलें शेव्हरोलेचें यंत्र ५०० घोड्यांचें सांगितलें होतें. तें ५०५ चें भरलें.

साक्षीदारापुढें एक यंत्र सांगितल्यापेक्षां सरस ठरावें, हें आम्हांस फार बोलकें वाटतें. खरें मोजण्याची विद्या कारखानदारांना अवगत नव्हती असें नाहीं; प्रोनीनें यंत्राची शक्ति ब्रेक लावून मोजण्याची युक्ति १८२१ सालींच काढली होती. उणीव होती ती ज्याला त्या आंकड्यांतून नफा नाहीं अशा मनुष्याची. वॅटच्या काळीं शीग ठेवणें विकणाराच्या मर्जीवर होतें, आणि मर्जीवर असलेलें औदार्य पुढच्या पिढीला मिळेलच असें नसतें. म्हणून कोणताहि आंकडा पुढें आला कीं तो किती, हें विचारण्यापूर्वीं तो कोणासमक्ष मोजला, हें विचारावें. घोडा नि मैदान दोन्ही जवळ असतात. पहावयास तिसरा माणूस तेवढा हवा.