दांताच्या मुळाचा न्याय

दांत दुखला कीं उपटावा, हा पूर्वापार न्याय होता. पॅरिसच्या पिएर फोशारनें १७२८ सालच्या ग्रंथांत दांत राखून आंतील पू काढण्याची वाट दाखविली. १८३८ सालीं अमेरिकेंत एडवर्ड मेनार्डनें घड्याळाच्या कमानीपासून बारीक हत्यार घडविलें; त्यायोगें मुळाच्या नळींतील सडका गर निघूं लागला.

पुढें १९१० सालीं मॉन्ट्रिअल येथील व्याख्यानांत विल्यम हंटर यांनीं, सोन्याच्या टोपणांखालीं कोंडलेली घाण सर्व शरीरास बाधते, असा ठपका ठेवला. दोष गलथान कामाचा. शिक्षा मात्र दांतांस झाली. राखतां येण्याजोगे असंख्य दांत पिढीभर उपटले गेले.

क्ष-किरणांनीं मूळ दिसूं लागलें, निर्जंतुक कामाची शिस्त बाणली, तेव्हां हा उपचार पुन्हा मान पावला. १९६३ सालीं अमेरिकेंत त्याची स्वतंत्र शाखा मान्य झाली. आतां वेदना जाते आणि दांतही राहतो.